ताटावरची नजर

"जेवली की! दीड भाकरी, मुगाची आमटी, वर वाटीभर दही. ताट लख्ख केलं बघ," शालनआत्या फोनवर सांगत होती.

पुण्यातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात केतकी बेडगे काउंटरला टेकून उभी होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तिचे वडील गेल्यापासून मिरजेच्या घरी आई आणि आत्या दोघीच राहत. शालनआत्या ही वडिलांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली ती कायमचीच. दोन वर्षांपासून आईची आठवण विरत चालली होती. सकाळी काय खाल्लं हे तिला दुपारी सांगता येत नसे. त्यामुळे मिरजेत काय चाललंय ते कळायचं ते मुख्यतः आत्याच्या तोंडून.

"औषधी पीठ दुधातून देतेस ना?" केतकीनं विचारलं.

"रोज दोन वेळा. तू काळजी करू नको."

फोन ठेवला आणि लगेच मिरजेच्या आहारवाचन केंद्राचा निरोप आला. आईचं या महिन्याचं थरवाचन, म्हणजे शरीराची थराथरानं केलेली तपासणी, तयार होतं. केतकीनं ते उघडलं. आकडे बरेच होते, पण वर ठळक अक्षरांत एकच वाक्य होतं : 'गेले तीन आठवडे हे शरीर उपाशी आहे.'

तिनं ते पुन्हा वाचलं. 'ताट लख्ख केलं बघ' म्हणताना आत्याचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. तेच तिला जास्त खटकलं.

संध्याकाळी केंद्राच्या डॉक्टर फरझाना मुजावर पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या.

"यंत्राची चूक होऊ शकते?" केतकीनं पहिलाच प्रश्न टाकला.

"एका थरात होऊ शकते. पण इथं सगळे थर एकच सांगतायत." डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली. "पूर्वी आम्ही नुसतं रक्तातलं प्रथिन बघायचो. ते कमी दिसलं तर माणूस जेवत नसेल, किंवा मूत्रपिंडातून गळत असेल, किंवा साधा तापही असेल. नक्की सांगता यायचं नाही. आता आम्ही एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी बघतो. जनुकं काय आहेत, त्यांतली कोणती आत्ता चालू आहेत, पेशींनी कोणती प्रथिनं बनवली, अन्नाचं पचन होऊन रक्तात काय उरलं आणि आतड्यातले जिवाणू कशावर जगतायत. मग संगणक हे सगळं एकावर एक ठेवून बघतो."

"आणि आईच्या बाबतीत?"

"त्यांच्या रक्तात स्नायू झिजल्याचे अंश आहेत. म्हणजे शरीर स्वतःलाच खातंय. पेशींनी काटकसरीची जनुकं चालू केलीयत. भाज्या-धान्यांच्या चोथ्यावर जगणारे जिवाणू आतड्यातून कमी झालेत आणि आतड्याचंच अस्तर कुरतडणारे वाढलेत. वरून काही येईना की ते असं करतात. आजाराचं चित्र वेगळं असतं, केतकीताई. हे न जेवल्याचं चित्र आहे."

"पण चकतीवर तर ताट रोज रिकामं दिसतं!"

चकती केतकीनंच बसवली होती. मागच्या वाचनात आईचं खाणं थोडं कमी दिसलं, म्हणून तिनं पुण्याहून ती पाठवली. ताटाखाली ठेवायची, वजन मोजणारी, लाल दिव्याची. जेवायच्या वेळी ती केतकीच्या आवाजात बोलायची. 'आई, किती जेवलीस गं?' असं मधूनच विचारायची. ताटातलं अन्न किती उरलं ते केतकीला फोनवर कळायचं. आईला लेकीचा आवाज ऐकून बरं वाटेल आणि चार घास जास्त जातील, अशी तिची कल्पना.

डॉक्टरांनी समोरचे आकडे पुन्हा पाहिले. "ताट रिकामं होतंय आणि शरीर उपाशी आहे. दोन्ही खरं असेल, तर जेवण मधल्यामध्ये दुसरीकडे जातंय."

दुसरीकडे म्हणजे कुठे?

केतकीला एकेक गोष्ट आठवायला लागली. चकती बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोनवर 'चकती बंद' असा इशारा आला होता. तिनं विचारल्यावर आत्या म्हणाली होती, "वहिनीला ती बोलणारी चकती नको वाटतीय गं." केतकी चिडली होती. "आत्या, ती बंद करायची नाही. एकदाही नाही." तेव्हापासून चकती चालू होती. पण आता तिला वाटलं, चकती नक्की कोणाला नको होती?

आई आणि आत्या यांच्यात तिनं कधी जिव्हाळा पाहिला नव्हता. भांडणंही नव्हती. दोघी एकाच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं जेवढ्यास तेवढं बोलत वावरल्या. आत्यानं आयुष्य भावाच्या घरात काढलं, वहिनीच्या हाताखाली. आता वहिनी तिच्या हातात आली होती. केतकीला या विचाराची लाज वाटली, तरी तो गेला नाही.

"एक करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचंही थरवाचन करू. आईंच्या शरीरातलं वारशानं आलेलं किती आणि आहारामुळे झालेलं किती, हे मुलीशी ताडून बघितलं की जास्त स्पष्ट होतं."

केतकीनं नमुने दिले. आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा सूर बदललेला होता.

"आईंबद्दल शंका उरली नाही. पण तुमच्या वाचनात वेगळंच काही निघालंय. सांगू का?"

"सांगा."

"तुम्ही अंगानं बारीक आहात, तरी पस्तिशीतच साखर लागली. बरोबर? त्याचं कारण मिळालं असं वाटतंय. जनुकांवर रासायनिक खुणा असतात. काही खुणा बाळ पोटात असताना उमटतात आणि जन्मभर राहतात. आईला अन्न पुरत नसलं की बाळाचं शरीर धरून चालतं, बाहेर दुष्काळ आहे. मग ते प्रत्येक घास साठवायला शिकतं. तुमच्या शरीरावर तशा खुणा आहेत आणि बाकीचे थर त्यांना दुजोरा देतायत."

"शक्यच नाही," केतकी म्हणाली. "आमच्या घरात तेव्हा पानमळा होता, दोन म्हशी होत्या. गड्यांनासुद्धा पोटभर जेवण असायचं."

"घरात काय होतं ते मला दिसत नाही. तुमच्या आईंच्या पोटात काय गेलं त्याचा अंदाज तेवढा दिसतो. तोही अंदाजच."

फोन ठेवल्यावर केतकी बराच वेळ दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. तिच्या जन्माच्या वेळी त्या घरात बायका तीन : आई, आजी आणि तेव्हा लग्न न झालेली, सतरा-अठरा वर्षांची शालन. आजीबद्दल वाईट विचार करणंच तिला जमेना. आजीनं तिला मांडीवर वाढवलं होतं. आजीचाच चेहरा, आजीचाच आवाज तिला आला, असं सगळे म्हणत. आजीनं तिला दुधावरची साय भरवली होती. मग उरलं कोण? तेव्हाही शालन आणि आताही शालन.

दुसऱ्या दिवशी दुकानावरच्या मुलीकडे किल्ल्या देऊन ती न कळवता मिरजेला गेली. नवी जलद रेल्वे दोन तासांत पोचवत होती. ते दोन तास आत्याशी काय बोलायचं हे ठरवण्यात गेले आणि काहीच ठरलं नाही.

दार आत्यानं उघडलं. "अगं बया! आधी फोन करायचा न्हाई व्हय?" तिचा चेहरा क्षणभर उतरला. केतकीनं ते टिपलं.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतके बारीक झालेले हात. केतकी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, मी आले."

आईनं वर पाहिलं आणि गडबडीनं डोक्यावर पदर घेतला. तिची नजर आत्याकडे गेली आणि पुन्हा जमिनीवर.

आई हल्ली केतकीला नेहमी ओळखत नसे हे खरं, पण आजवर ती कधी घाबरली नव्हती. हिच्या कानात काय भरवून ठेवलंय?

"हल्ली असंच करते," आत्या म्हणाली. "दमलीस. चहा टाकते."

दुपारी केतकीनं मुद्दाम सांगितलं की तिला मैत्रिणीकडे जेवायला जायचंय. ती जिन्यापर्यंत जाऊन थांबली. आतून चकतीतून तिचाच आवाज आला, 'आई, किती जेवलीस गं?' त्यापाठोपाठ आईची दबकी कुजबुज, ताटाचा आवाज, मग काहीच नाही. फोनवर आकडे उतरत गेले. ताट झपाट्यानं रिकामं झालं. उपाशी म्हातारी बाई एवढ्या भराभर जेवते?

संध्याकाळी ती आत्याला म्हणाली, "हात दे. माझ्याकडे साखर तपासायचं यंत्र आहे, तुझीही बघू."

"मला काय धाड भरलीय?" आत्या हसली, पण तिनं बोट पुढं केलं. केतकीनं थेंब कागदावर घेतला आणि थुंकीही एका नळीत घेतली. संमतीसाठी स्क्रीनवर आत्याचा अंगठा टेकवून घेतला. आत्यानं चष्माही शोधला नाही. "तू म्हणशील ते," म्हणाली.

ते शब्द केतकीला टोचले. तरी तिनं नमुना केंद्रावर नेऊन दिला.

आईच्या औषधी पिठात डॉक्टरांनी एक निरुपद्रवी द्रव्य घातलेलं असे. ते दुसऱ्या कुठल्याच खाण्यात नसतं. ज्याच्या रक्तात ते सापडेल, त्यानं ते पीठ खाल्लं. दोन दिवसांनी डॉक्टर मुजावरांनी केतकीला केंद्रात बोलावलं.

"तुमच्या आत्यांच्या रक्तात ते द्रव्य भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "आईंच्या रक्तात जेमतेम. थर जुळवून बघितले तर आत्यांनी महिनाभर दीडपट जेवण घेतलंय असं दिसतं."

केतकी उठून उभी राहिली.

"थांबा. त्यांना हे माहीत आहे ना, आपण काय तपासतोय ते?"

केतकीनं नजर दाराकडे वळवली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. "केतकीताई, त्यांच्या पोटात काय गेलं एवढं मी सांगू शकते. ते का आणि कसं गेलं, हे रक्त सांगत नाही. आधी त्यांना विचारा."

पण केतकी विचारायला गेलीच नाही. ती गेली ती सुनावायला.

आत्या भाजी निवडत होती. केतकीनं फोन तिच्यासमोर धरला. "आईचं जेवण तू खातेस."

आत्याचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"तुझं रक्त म्हणतं. साखर नव्हती तपासली मी. तू आईचं पीठ खातेस, जेवण खातेस आणि मला फोनवर सांगतेस ताट लख्ख केलं. हाडं राहिलीत तिची, आत्या! आणि हे आजचं नाही. मी पोटात होते तेव्हाही ती उपाशी होती. तेव्हाही तू याच घरात होतीस."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो आला नाही.

"रक्त पाहिजे होतं तर मागायचं होतंस," ती म्हणाली. "दिलं असतं."

ती उठली, हात धुतले, दोन लुगडी पिशवीत घातली. दाराशी आल्यावर म्हणाली, "सांगलीला चुलत भावाकडं आहे. दूध फ्रीजमधे आहे. केळी वर टांगलीत." मग ती निघून गेली.

केतकीला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. तिनं गरम भाकरी केली, आईच्या आवडीचं पिठलं केलं, ताट चकतीवर ठेवलं आणि आईला हाताला धरून आणलं. स्वतः समोर बसली.

आई ताटाकडे बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून बाजूला काढला आणि उरलेल्यातला एक घास घेतला. लाल दिवा लागला. चकती बोलली, 'आई, किती जेवलीस गं?'

आईचा घास तोंडातच थांबला. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि केतकीकडे न बघता म्हणाली, "अर्धीच खाल्ली. खरंच अर्धी. शालनला विचारा पाहिजे तर."

"आई, खा की सगळी. कोणाला विचारायचं?"

"नको. बाळ मोठं होईल." आईनं ताट पुढं ढकललं. "तुम्ही म्हणाला तसंच करते मी. उगाच त्यांना सांगू नका."

"मी केतकी आहे गं."

आईनं चोरून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती नजर लेकीकडे बघायची नव्हती. आई स्वयंपाकघरात शोधत होती. भांड्यांच्या फळीमागे, दाराआड. "शालन," ती हळूच म्हणाली, "शालन कुठाय?"

त्या दिवशी आईनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. केतकी समोर बसली की आई पदर घेऊन ताट सारायची. केतकी जितकं गोड बोलायची तितकी आई आक्रसायची. डॉक्टर मुजावर घरी येऊन सलाईन लावून गेल्या. जाताना म्हणाल्या, "यांना ज्यांच्या हातून जेवण जातं त्यांना बोलवा. यंत्राचं राहू द्या."

"हातून जेवण जातं? डॉक्टर, ती तर..."

"एक गोष्ट आत्ता लक्षात आली. तुमची ती चकती कधी बसवली?"

केतकीनं तारीख सांगितली. डॉक्टरांनी आईचं वाचन पुन्हा उघडलं. रक्तातले काही अंश दिवसांत बदलतात, काही आठवड्यांत. ते ताडून उपासमार कधी सुरू झाली हे मागं जाऊन शोधता येतं. त्यांनी पडदा केतकीकडे वळवला. उतरती रेघ चकती आली त्याच आठवड्यात सुरू झाली होती.

शेजारच्या बाईंना आईपाशी बसवून केतकी सांगलीला गेली. आत्या चुलत भावाच्या घराच्या पायरीवर बसली होती. केतकी तिच्या शेजारी टेकली.

"आई अर्धी भाकरी बाजूला काढते," ती म्हणाली. "आणि म्हणते, बाळ मोठं होईल. तुला विचारा म्हणते."

आत्यानं डोळे मिटून घेतले. "मग कळलं तुला."

"काही कळलं नाही. सांग ना."

आत्या रस्त्याकडे बघत सांगू लागली. "माझी थोरली बहीण होती, वच्छी. पहिल्या बाळंतपणात गेली. बाळ मोठं होतं, अडलं. दोघंही गेली. आई, म्हणजे तुझी आजी, त्यानंतर बदलली. म्हणायची, जास्त खाऊ घातलं म्हणून पोर गेली माझी. पुढं वहिनीला दिवस गेले, तेव्हा आईनं ठरवलं की हिला काही होऊ द्यायचं नाही. अर्धी भाकरी एका वेळेला. दूध नाही, तूप नाही. जेवताना समोर बसायची आणि विचारायची, 'किती जेवलीस गं?' अगदी मायेनं विचारायची हां. छळायचं म्हणून न्हाई. भ्यायची ती."

चकतीत केतकीनं तेच शब्द भरले होते, आजीसारख्याच आवाजात.

"वहिनी भुकेनं रडायची," आत्या पुढं बोलली. "मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी पदराखाली घ्यायची आणि गोठ्यात तिला द्यायची. एकदा आईनं बघितलं. मला बडवलं आणि दोन दिवस मला पण जेवायला दिलं न्हाई. वहिनीनं ते जन्मभर मनात ठेवलं. पण बाहेर काही दाखवायचं न्हाई असं आमचं ठरलेलं, न्हाईतर आईला कळलं असतं. तीच सवय लागली बघ आम्हाला. आई गेल्यावरही न्हाई सुटली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आईची लाडकी होतीस. वहिनीनं बजावलेलं, पोरीला तिच्या आजीबद्दल काही सांगायचं न्हाई. आता वहिनी सगळं विसरली, हे तेवढं ध्यानात राहिलं. ती चकती आली आणि आईच बोलायला लागली की घरात! वहिनीला वाटतं, मी उपाशी आहे तिच्यापायी. सगळं ताट माझ्यापुढं सारते. मी खाल्लं न्हाई तर रडते, पाया पडते. म्हणून खायचे मी. चकतीजवळनं उठली की दूध, केळं, कायतरी भरवायची. तेवढंच जायचं पोटात. मी तुला म्हणाले होते की, तिला ती चकती नको वाटतीय."

"मला वाटलं तुला नको वाटतेय."

"व्हय. ते मला कळलं होतं." आत्या थांबली. "मी तरी नेट धरून सांगायला पाहिजे होतं. पण तू रोज आकडे बघून फोन करायचीस. माझ्या बोलण्यापेक्षा त्या दिव्यावर तुझा विश्वास. मग मीही म्हटलं, ताट रिकामं झालंय ना, तेवढंच सांगू. ते काय खोटं न्हवतं."

केतकीनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. आत्यानं हात काढून घेतला नाही, पण तो नुसता पडून राहिला.

"आत्या, चुकले मी."

"वहिनी काल जेवली का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

आत्या उठली. आत जाऊन पिशवी घेऊन आली.

परतताना रिक्षात ती फक्त एकदा बोलली. "माझं रक्त परत न्हाई घ्यायचं. वहिनीचं घे, डॉक्टर म्हणेल तेव्हा. पण मला विचारून."

"हो," केतकी म्हणाली.

घरी पोचल्यावर केतकीनं पहिल्यांदा चकती उचलली, तिची तार काढली आणि ती पिशवीत भरून दाराबाहेर नेऊन ठेवली. शेजारच्या बाई निघून गेल्या. आत्या स्वयंपाकघरात शिरली तशी आई खुर्चीतून उठली. दोन दिवस जिला धरून उठवावं लागत होतं ती आपणहून उठली आणि भिंतीला धरून आत गेली. "आलीस?" असं ती म्हणाली. आत्या म्हणाली, "आले."

केतकीला वाटलं आपणही आत जावं. आता चकती नव्हती. आपण आजी नाही, आपण केतकी आहोत, हे आईला कधीतरी कळेलच. ती उंबऱ्यापर्यंत गेली. आईची तिच्याकडे पाठ होती. चाहूल लागताच तिचे खांदे वर उचलले गेले आणि हात पदराकडे गेला. आत्यानं आईच्या डोक्यावरून केतकीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. 'तू जरा बाहेर थांब' एवढंच होतं.

केतकी बाहेर आली. दार तिनं ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. दाराबाहेर, जिन्यावरच्या अरुंद जागेत ती भिंतीला टेकून उभी राहिली. गर्भातल्या त्या खुणांबद्दल डॉक्टर मुजावर म्हणाल्या होत्या की त्या पुसता येत नाहीत. आहार सांभाळून त्यांचा त्रास कमी करता येतो, एवढंच. केतकीच्या मनात आलं, आजीनं भरवलेली दुधावरची सायही कुठल्यातरी थरात असेल. त्या मायेचा आणि त्या भुकेचा हिशेब कुठलं यंत्र एकत्र मांडणार होतं?

आतून तव्याचा आवाज आला. भाकरीचा वास आला. मग आईची कुजबुज ऐकू आली.

"शालन, तू आधी खा."

"दोघी मिळून खाऊ वहिनी. ही अर्धी तुझी, ही माझी."

"नको गं. ती बाहेर उभी आहे."

"कोण?"

"तुझी आई. दाराशी उभी आहे. ऐकतीय. ती गेली की खाते."

तव्यावरची भाकरी उलटल्याचा आवाज आला.

केतकीनं चपला पायात सरकवल्या. मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "येते गं मी, शालन. शेतावर जाऊन येते. उशीर होईल."

आणि ती जिना उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर चप्पल जोरानं आपटत, सावकाश, वरच्या स्वयंपाकघरात शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं.